खारपाणपट्ट्यातला समुद्र

आमच्या वऱ्हाडात समुद्र नाही, पण खाऱ्या पाण्याचा तोटा नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाण्यापर्यंत पसरलेला. म्हणून लेकीने दोन क्लाउनफिश आणले, तेव्हा मी अकोल्याकडच्या विहिरीचे पाणी सुचवले. ती हसली. समुद्रात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, तेही ठरावीक प्रमाणात! तिने विकतचे समुद्री मीठ कालवले.

शिकायला ती पुण्याला गेली आणि मासे माझ्या गळ्यात पडले. मे महिन्यात काचपेटीतले पाणी भराभर उतरू लागले. मी इमानाने खारे पाणी ओतीत राहिलो. आठवड्यात मासे तळाशी धापा टाकू लागले. फोनवर लेक ओरडली, "बाबा, वाफ पाण्याची होते, मिठाची नाही! गोडं पाणी टाका, हळूहळू."

दुसऱ्या दिवशी मोठा मासा गेला. ही जोडीतली मादी. ती गेली की मागे उरलेला नर मादी होऊ लागतो म्हणे! वर्गात लिंगविचार शिकवणाऱ्या मला हे व्याकरण नवेच.

दिवाळीला लेक यायची आहे. फोनवर मी अजून "दोघे मजेत आहेत" असेच सांगतो.