वंशाचा शोध आणि वंशाचा पुरावा

वंशाचा शोध घेणे हा ज्यांचा छंद असतो ते लोक निराळे आणि वंशाचा पुरावा देणे ही ज्यांच्यावर सक्ती असते ते लोक निराळे. घरपोच आलेल्या नळीत लाळ भरून ती प्रयोगशाळेकडे पाठवावी आणि काही आठवड्यांनी आपले पूर्वज कोणकोणत्या प्रदेशांतून आले याची टक्केवारी मिळवावी, ही सोय आता आपल्याकडील शहरी मध्यमवर्गालाही उपलब्ध झाली आहे. त्याच वेळी पालघर जिल्ह्यातील एखाद्या वारली, कातकरी अथवा मल्हार कोळी कुटुंबातील मुलाला राखीव जागेवर वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात जावयाचे असेल, तर आपल्या आजोबा-पणजोबांची जमात कोणती होती हे त्याला कागदोपत्री सिद्ध करावे लागते. पहिल्याला चुकीचे उत्तर मिळाले तर फार तर त्याची थोडी निराशा होईल. दुसऱ्याला उत्तर देता आले नाही तर त्याचे वर्ष वाया जाते आणि कधी नोकरीही जाते. या दोन गोष्टींची गल्लत करण्याचा मोह पुढील काळात वाढत जाणार आहे. म्हणूनच जनुकीय चाचणी काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे पालघरसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात नीट तपासून पाहिले पाहिजे.

पूर्वजांविषयीची उत्सुकता आपल्या समाजाला नवी नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अनेक पिढ्यांच्या नामावळी सापडतात. अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापून घेतले आणि ज्यांच्यापाशी कागद नव्हता त्यांनी देवक आणि कुळी तोंडी जपली. मात्र या सर्व साधनांत नावे असतात, गावे असतात आणि नाती असतात. लाळेच्या नळीतून जे हाती येते ते वेगळ्या प्रकारचे असते.

मानवी जनुकसंचातील सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी सहा-सात लाख जागा या चाचणीत तपासल्या जातात. नंतर कंपनीच्या संग्रहात ज्या जिवंत माणसांचे नमुने आहेत त्यांच्याशी त्या ताडून पाहिल्या जातात. अहवालात येणारी टक्केवारी ही आजच्या माणसांशी असलेल्या साम्याचा अंदाज असते. पूर्वजांच्या प्रत्यक्ष प्रवासाची ती नोंद नव्हे. संग्रहात वारली वा कातकरी नमुने नसतील तर त्या व्यक्तीला जवळच्या एखाद्या मोठ्या कप्प्यात टाकले जाते, आणि संग्रह वाढला की त्याच व्यक्तीची टक्केवारी बदलते. शिवाय दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. त्यांतील अनेकांचा एकही जनुकीय तुकडा आपल्यापर्यंत पोहोचलेला नसतो. आईकडून आईकडे जाणारी एक ओळ आणि बापाकडून मुलाकडे जाणारी एक ओळ एवढ्याच अखंड वाचता येतात. उरलेल्या एक हजार बावीस जागांवरील माणसांविषयी त्या दोन ओळी मौन पाळतात.

याचा अर्थ हे शास्त्र निरुपयोगी आहे असा नाही. व्यक्तीविषयी ते जपून बोलते, पण लोकसमूहांविषयी ते पुष्कळ काही सांगते. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी हार्वर्डमधील सहकाऱ्यांसह २००९ साली दाखवून दिले की, भारतातील बहुतेक समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून घडलेले आहेत. हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर झाले आणि नंतर जातींतर्गत विवाहाचे बंधन घट्ट होत गेले, असा निष्कर्ष २०१३ साली निघाला. जिला आपण सनातन मानतो ती रक्ताची भिंत बरीच उशिरा बांधली गेली, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्याआधीचे एकच मिश्रण आहे, असा याचा सरळ अर्थ होतो.

समूहाच्या इतिहासावर असा प्रकाश कसा पडतो याचे उत्तम उदाहरण पालघरच्या सीमेलगतच आहे. इराणातून आलेले पारशी ज्या संजाण बंदरात उतरले असे परंपरा सांगते, ते डहाणू-तलासरीच्या उत्तरेला काही मैलांवर आहे. संजाण पडल्यानंतर पवित्र अग्नी ज्या बहारोटच्या लेण्यांत लपवून ठेवला गेला, ती बोर्डीजवळच्या डोंगरात आहेत. तारापोरवाला हे आडनाव तर तारापूरची आठवण रोजच्या व्यवहारात जपते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजच्या पारशांच्या जनुकांबरोबर संजाणच्या उत्खननात मिळालेल्या जुन्या अस्थींचाही तपास झाला. पारशांचे इराणशी नाते त्याने पक्के केले. मात्र त्या जुन्या अस्थींत मातृकुलाच्या ४८ टक्के शाखा दक्षिण आशियातील निघाल्या. आलेल्या पाहुण्यांच्या घरात स्थानिक स्त्रिया फार आरंभीच गृहिणी म्हणून आल्या असाव्यात, असा त्याचा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला.

पण येथेच एक मर्यादाही ध्यानात येते. पारशी कोणाला म्हणावे याचा निर्णय १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात झाला, तो प्रयोगशाळेत झाला नाही. पारशी पित्याची परजातीय स्त्रीपासून झालेली व रीतसर धर्मात घेतलेली संतती पारशी ठरली. पारशी मातेच्या अशा संततीला मात्र ते स्थान मिळाले नाही. उद्या एखाद्या पारशी मातेच्या मुलाने आपल्या पेशींतील इराणी अंश कितीही टक्के दाखविला तरी या वादाचा निकाल त्यावर लागणार नाही. समाजाचे सभासदत्व हा नियमांचा, स्वीकाराचा आणि सहजीवनाचा प्रश्न आहे. जनुके त्याला पार्श्वभूमी पुरवितात. निकाल देत नाहीत.

हेच तत्त्व आदिवासींच्या बाबतीत अधिक गांभीर्याने लागू पडते, कारण तेथे घटनेने दिलेले हक्क पणाला लागलेले असतात. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याच्या क्षेत्रात सुमारे ३७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांच्या दाव्यांची पडताळणी कशी व्हावी याची चौकट सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात १९९४ साली घालून दिली आणि महाराष्ट्राने २००१ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा अमलात आणला. ते प्रकरण महादेव कोळी असल्याच्या दाव्याचे होते, हे येथे लक्षणीय आहे. पालघरच्या किनाऱ्यावर कोळी आहेत आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातही कोळी आहेत. महादेव कोळी व मल्हार कोळी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, सोनकोळी नाहीत. नाव एक, पण कायद्याच्या लेखी कप्पे वेगळे. अशा ठिकाणी बनावट दावे होतात आणि त्यांचा फटका खऱ्या आदिवासींनाच बसतो, ही तक्रार रास्त आहे. खोट्या दाखल्यावर मिळविलेला लाभ टिकू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निःसंदिग्धपणे सांगितले ते योग्यच झाले.

प्रश्न आहे तो खऱ्या दावेदाराने पुरावा कोठून आणावा हा. पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदीला सर्वाधिक वजन असते. त्या काळी डहाणू-तलासरीच्या वारल्यांची स्थिती काय होती? २३ मे १९४५ रोजी झरी येथे गोदावरी व शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारली एकत्र आले ते वेठबिगारी आणि लग्नगडीपणा यांतून सुटण्यासाठी. त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. सावकाराच्या शेतावर राबणाऱ्या ज्या माणसाच्या नावावर ना जमीन होती ना शाळेत नोंद, त्याच्या नातवाकडे आज १९५० पूर्वीचा सातबारा अथवा शाळेचा निर्गम उतारा मागणे म्हणजे त्याच्या आजोबाच्या दारिद्र्याचा दंड त्याच्याकडून वसूल करणे होय. पुढे तारापूर अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलली. गाव उठते तेव्हा घराबरोबर पेटीतील कागदही हलतात आणि ‘हा अमक्याचा नातू’ असे सांगणारा शेजारही विखुरतो.

कागद अपुरा पडला की दक्षता पथकाची चौकशी येते आणि तिच्यात आप्तभावाची चाचणी, म्हणजे अर्जदाराला जमातीच्या चालीरीती, देवदेवता, लग्नविधी ठाऊक आहेत काय याची परीक्षा. डोंगरपाड्यावर वाढलेल्या मुलाला धवलेरीची गाणी, लग्नाचा चौक, हिरवा देव आणि तारपा यांविषयी सांगता येईल. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत बाप कामगार आणि शेजार उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचा, अशा चाळीत वाढलेल्या मुलाला ते सांगता येईलच असे नाही. तो या परीक्षेत नापास झाला म्हणून वारली राहत नाही काय? सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठामार्फत याचे उत्तर दिले आहे. स्थलांतर व आधुनिक जीवन यांमुळे जुनी वैशिष्ट्ये पुसट होऊ शकतात, म्हणून ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे आहे.

कागद नाही आणि चालीरीतींची परीक्षाही निर्णायक नाही. मग रक्तच का तपासू नये, असा प्रश्न कोणालाही सुचेल. तो आकर्षक आहे, पण घातक आहे. शेजारी नांदणाऱ्या समूहांतील जनुकीय भेद हा बहुधा प्रमाणाचा असतो. एकात जे आढळते ते दुसऱ्यातही कमीअधिक आढळते. त्यावरून एका माणसाची जमात ठरविणे म्हणजे पावसाच्या सरासरीवरून एका दिवसाचे हवामान सांगणे होय. आणि शास्त्र उद्या अधिक अचूक झाले तरी कायद्याचा प्रश्न सुटत नाही. आदिवासी माता व बिगरआदिवासी पिता यांच्या संततीचा दर्जा ठरविताना मूल कोणत्या समाजात वाढले, त्या समाजाने त्याला आपले मानले काय आणि त्याने ते दुःख व वंचना भोगली काय, हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले. भोगलेली वंचना कोणत्याही गुणसूत्रावर लिहिलेली नसते.

अमेरिकेतील अनुभवही हेच सांगतो. सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी २०१८ साली आपल्या मूलनिवासी पूर्वजाचा जनुकीय पुरावा जाहीर केला, तेव्हा चेरोकी राष्ट्राने तो साफ नाकारला. जमातीचे नागरिकत्व जमातीच्या नोंदींवरून ठरते, प्रयोगशाळेच्या अहवालावरून नव्हे, ही त्यांची भूमिका होती. वॉरन यांना पुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. ॲरिझोनातील हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या संशोधनासाठी दिलेले रक्त त्यांच्या स्थलांतराच्या इतिहासासारख्या अन्य विषयांसाठीही वापरले गेले. तो वाद २०१० साली भरपाई देऊन आणि नमुने परत करून मिटवावा लागला. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ पासून देशाच्या आदिवासी भागांत सुरू आहे. रक्ततपासणीचा हा उपयोग खरा आणि निकडीचा आहे. म्हणूनच आजारासाठी घेतलेला थेंब आजारासाठीच वापरला जाईल, ही हमी आदिवासींना कायद्याने मिळावयास हवी.

हौसेने चाचणी करणाऱ्या मध्यमवर्गानेही या धोक्याचा विचार केला पाहिजे. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ साली चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा दीड कोटींवर माणसांची जनुकीय माहिती लिलावातील मालमत्ता होऊन बसली. बँकेचा परवलीचा शब्द बदलता येतो, जनुके बदलता येत नाहीत. आणि एकाने दिलेल्या संमतीत त्याची भावंडे व मुले न विचारताच ओढली जातात. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, पण जनुकीय माहितीसाठी त्यात अधिक कडक असा वेगळा वर्ग नाही. डीएनए तंत्रज्ञानाविषयीचे विधेयकही, जे मुख्यतः ओळख पटविण्यापुरते होते, जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

मग आदिवासी मुलाने करावे काय? त्याने काही करण्यापूर्वी शासनाने काही करावयास हवे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा महसूल, शाळा, तुरुंग, कोतवाल बुके अशा ठिकठिकाणच्या जुन्या दप्तरांतून, प्रसंगी मोडी वाचणाऱ्यांची मदत घेऊन, काही महिन्यांत लाखो नोंदी बाहेर आल्या. त्या आरक्षणाच्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. पण एवढे तर सिद्ध झाले की, इच्छा असली म्हणजे दप्तर बोलते. पालघर आणि जुन्या ठाणे जिल्ह्याच्या दप्तराला हाच न्याय का लावू नये? कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जुनी जमीनपत्रके यांची गाववार सूची शासनाने स्वतः करावी, ती तहसील कचेरीत विनामूल्य खुली ठेवावी, आणि एका भावाला मिळालेल्या वैधता प्रमाणपत्राचा आधार दुसऱ्याला सुलभपणे घेता यावा. शोधाचा भार ज्याच्याकडे दप्तर आहे त्याने उचलावा. ज्याच्या आजोबाला अक्षर नाकारले गेले त्याने नव्हे. आणि जमातीच्या पडताळणीत जनुकीय चाचणीला स्थान राहणार नाही, हे नियमांत आताच स्पष्ट लिहून ठेवावे.

पूर्वज कोठून आले हे जाणण्याची इच्छा सर्वांना असू शकते आणि शास्त्राने ती जरूर पुरवावी. पण ज्या मुलाचा प्रवेश एका प्रमाणपत्रावाचून अडला आहे, त्याचा आजोबा कोठून आला हे त्याच्या पाड्यावर सर्वांना ठाऊक असते. ते ठाऊक नसते फक्त सरकारी फायलीला, आणि ती उणीव फायलीनेच भरून काढली पाहिजे.