गावची बाग कुणाच्या नावावर?

मागच्या महिन्यात मुलुंड पश्चिमेला एका वाचकाच्या घरी जेवायला गेलो होतो. जेवण झाले, चहा आला आणि चहाबरोबर एक पिशवी आली. आत सातबाऱ्याचे उतारे आणि विसार पावतीचा मसुदा. कुटुंब मूळचे दापोली तालुक्यातले. थोरले भाऊ वीस वर्षे दुबईत, मधले बर्मिंगहॅमला, आता ब्रिटिश पासपोर्टवाले. धाकटे अम्मींसोबत मुलुंडला. गावी त्यांच्या जमिनीला लागून असलेली आंब्याची बाग विकायला निघाली होती. पैसे दुबईवाले भाईजान देणार होते. खरेदीखत कुणाच्या नावाने करायचे, एवढेच आम्हाला विचारायचे होते.

भाईजानच्या नावाने होणार नाही, असे आम्ही सांगितले. "पण त्यांचा पासपोर्ट तर भारताचाच आहे!" अम्मी म्हणाल्या.

खरे आहे, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. 1999 चा परकीय चलन कायदा, ज्याला सगळे फेमा म्हणतात, माणूस राहतो कुठे हेही पाहतो. नोकरीसाठी परदेशी राहणारा भारतीय असो की ओसीआय कार्डवाला परदेशी नागरिक, दोघांनाही इथे फ्लॅट, दुकान, बिनशेती प्लॉट घेता येतो. शेतजमीन, बागायती मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही नाही. रिझर्व्ह बँकेकडे खास परवानगी मागता येते, पण तिच्या भरवशावर विसार देऊ नये. गंमत पाहा, दुबईच्या 2006 च्या कायद्याने ठरावीक भागांत परदेशी माणसालाही पूर्ण मालकीचे घर घेता येते. म्हणजे भाईजान तिथे मालक होऊ शकतात, आणि आजोबांच्या गडग्यापलीकडची बाग त्यांना घेता येत नाही.

"मग माझ्या नावावर करू. घरातलाच मामला आहे," धाकटे म्हणाले.

गावोगाव हेच चालते, म्हणून जरा सविस्तर सांगितले. धाकटे शेतकरी खातेदारांच्या घरातले, तेव्हा कूळकायद्याच्या कलम 63 ची अडचण त्यांना नाही. पण पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचे आणि मनात मालक पहिलाच, याला कायदा बेनामी व्यवहार म्हणतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी एक ते सात वर्षे कैद, बाजारभावाच्या पाव हिश्शापर्यंत दंड, आणि मालमत्ता सरकारजमा. भाईजानने खरोखरच भेट म्हणून पैसे दिले तर गोष्ट वेगळी. मग बागही खरोखर धाकट्यांची. उद्या धाकट्यांना काही झाले तर ती त्यांच्या बायकोमुलांना आणि इतर वारसांना जाईल. भाईजानला कोर्टात जाऊन 'बाग माझीच' म्हणता येणार नाही. धाकट्यांची पत्नी इतका वेळ दारात उभी होती, ती आत निघून गेली.

रस्ते आहेत. भाईजान कायमचे परत आले की त्यांना शेतजमीन घेता येईल. घर बांधण्यापुरता बिनशेती प्लॉट आजही घेता येतो. मात्र बिनशेतीचा आदेश डोळ्यांनी पाहावा, 'होणार आहे' यावर जाऊ नये, आणि रक्कम बँकेतूनच यावी, कुणाच्या हाती दिरहम पाठवू नयेत. शिवाय वारसाहक्काला फेमाची आडकाठी नाही. वडिलोपार्जित शेतजमिनीतला हिस्सा भाईजानला मिळतो, बर्मिंगहॅमवाल्या भावालाही मिळतो. पुढे विकायची झाली तर ती इथे राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागते.

हे सांगताना सहज उतारा उलगडला, तर मालकाच्या रकान्यात अजून आजोबांचेच नाव. त्यांना जाऊन तीस वर्षे झाली, वडीलही गेले, वारसनोंद कुणी केलीच नव्हती. आम्ही विचारले, आजोबांना मुली किती? अम्मी म्हणाल्या, दोन. एक चिपळूणला असते, दुसरी मुंब्र्याला.

बागेचा विसार त्यांनी दिला नाही. बाग दुसऱ्या कुणी घेतल्याचे परवा कळले. धाकटे मात्र दोन्ही फुफींची नावे घातलेला वारसांचा अर्ज घेऊन तलाठ्याकडे जाऊन आले आहेत.