पेपर लिहिण्याआधीच मार्क

आपल्याकडे एप्रिल महिना म्हणजे परीक्षा संपवून निकालाची वाट पाहण्याचा. अमेरिकेतल्या फुटबॉलवेड्यांचे मात्र उलटे असते. तिथे एप्रिलमध्ये आधी निकाल लागतो आणि परीक्षा सप्टेंबरमध्ये सुरू होते! या प्रकाराला ते लोक 'ड्राफ्ट' म्हणतात. माझी मुलगी आणि जावई फिलाडेल्फियाजवळ राहतात, त्यामुळे तिकडच्या मुक्कामात हा सोहळा मला दोन-तीनदा जवळून पाहायला मिळाला. खेळातले मला फारसे कळत नाही, पण मुलांना मार्क देण्यात माझी पस्तीस वर्षे गेली आहेत. तेव्हा त्या अधिकाराने थोडे लिहिते.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगते. तिकडचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. त्यांच्या एनएफएल या संघटनेत ३२ संघ आहेत. कॉलेजात खेळणाऱ्या मुलांमधून हे संघ दर वर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. सात फेऱ्या होतात आणि अडीचशेच्या वर मुले निवडली जातात. गंमत अशी, की आदल्या वर्षी जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी पहिली आणि जो अजिंक्य ठरला त्याची शेवटची. आपल्या आयपीएलसारखा हा लिलाव नव्हे. कोणत्या गावी आणि कोणत्या संघात जायचे हे त्या मुलाच्या हातात जवळजवळ नसतेच. १९३६ साली फिलाडेल्फियातच हे सुरू झाले. चांगली मुले श्रीमंत, जिंकणाऱ्या संघांकडेच जातात, अशी ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांची तक्रार होती, आणि ही कल्पना त्यांनीच मांडली. पहिल्या वर्षी पहिला नंबर लागला तो जे बर्वांगर नावाच्या मुलाचा. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही! सुरुवातच अशी झाली म्हणायची.

आता चाहत्यांच्या वादाकडे येते. जानेवारीपासून घरोघरी चर्चा सुरू होते, की आपल्या संघाने कोणाला घ्यावे. त्यात दोन पक्ष असतात. एक म्हणतो, ज्या जागेवर आपण कमी पडतो तिथला खेळाडू घ्या. दुसरा म्हणतो, गरज बघू नका, उरलेल्यांत जो सर्वांत गुणी असेल तो घ्या. म्हणजे घरातले तांदूळ संपलेत, पण बाजारात आज तूरडाळ फार सुंदर आली आहे, तर काय आणायचे? हा प्रश्न कोणत्याही गृहिणीला कळेल. २००५ साली ग्रीन बे पॅकर्सकडे ब्रेट फार्व्ह हा नामांकित क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सूत्रधार, असताना त्यांनी आणखी एक क्वार्टरबॅक घेतला, ॲरन रॉजर्स. त्याला तीन वर्षे बाकावर बसवून शिकू दिले. २००८ मध्ये त्याच्या हाती संघ दिला आणि २०११ च्या फेब्रुवारीत त्याने सुपर बोल जिंकून दिला. डाळ आणणाऱ्यांचा पक्ष तिथे जिंकला.

हा वाद मला मनापासून आवडतो. वर्षभर मार खाल्लेल्या संघाचे लोकसुद्धा त्या तीन दिवसांत आशेने उभे राहतात. २०२४ साली डेट्रॉइट शहरात ड्राफ्ट झाला तेव्हा तीन दिवसांत पावणेआठ लाखांच्या वर माणसे जमली होती. तिथे एकही सामना होत नाही, फक्त नावे पुकारली जातात. ज्याचे सर्वांत मागे राहिले त्याला पहिली संधी, हे तत्त्व तर मला इतके पटते, की ते आपल्या शाळांनीही घ्यावे असे वाटते.

माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. ड्राफ्ट संपला, की दुसऱ्या दिवशी सगळीकडे ग्रेड जाहीर होतात. अमक्या संघाला 'ए', तमक्याला 'डी'. अहो, पण त्या मुलांनी अजून पेपर हातात तरी घेतला आहे का? उत्तरपत्रिका कोरी असताना तिच्यावर शेरा मारणे हे कोणत्या शिक्षणशास्त्रात बसते?

बरे, हे शेरे खरे ठरतात का? १९९९ साली ईगल्सची दुसरी पाळी होती. त्यांच्या चाहत्यांना रिकी विल्यम्स हवा होता. संघाने डॉनोव्हन मॅकनॅब हा क्वार्टरबॅक निवडला, तेव्हा न्यूयॉर्कच्या सभागृहात जाऊन बसलेल्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणी, आईवडिलांदेखत! तोच मॅकनॅब पुढे अकरा वर्षे ईगल्सकडून खेळला, २००५ मध्ये त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले आणि २०१३ साली संघाने त्याचा ५ नंबर सन्मानाने कायमचा राखून ठेवला. त्या २००५ च्या सामन्यात समोर होता टॉम ब्रॅडी. २००० च्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर होता १९९ वा. त्याने एकूण सात सुपर बोल जिंकले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने २०२१ मध्ये पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या मोजून ट्रे लान्सला घेतले, आणि शेवटी त्यांचा संघ सांभाळला तो २०२२ च्या ड्राफ्टमधल्या अगदी शेवटच्या, २६२ व्या मुलाने, ब्रॉक पर्डीने. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी याचा अभ्यास केला आहे. एका जागेसाठी आधी निवडलेला मुलगा त्याच जागेच्या पुढच्या मुलापेक्षा सरस निघण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त असते, असे त्यांना आढळले. म्हणजे जवळजवळ छापा-काटाच.

आणि मोजमापांत कमी मुळीच नाही. इंडियानापोलिसला त्या मुलांची उंची, वजन, हाताचा पंजासुद्धा मोजतात. ४० यार्ड पळायला लावून सेकंदाचे शतांश टिपतात. २०२२ पर्यंत तर बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिचाचणीही होती. पण पडल्यावर मुलगा किती वेळा उठेल, हे कोणत्या घड्याळात दिसणार?

एकदा माझा नातू एका नव्या खेळाडूबद्दल म्हणाला, "आजी, हा बस्ट आहे, फुकट गेला." मी विचारले, "किती वर्षांचा आहे रे?" म्हणाला, "एकवीस." नातू तेव्हा सतरा वर्षांचा होता. मी म्हटले, "म्हणजे चार वर्षांनी तुलाही कोणी असे म्हटलेले चालेल ना?" तो हसला, पण पुढे काही बोलला नाही.

जावई मात्र गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. ते म्हणाले, "आई, या मुलांना कोट्यवधी रुपये मिळतात. लोक तिकिटे काढतात. मग बोलणारच." मुद्दा बिनतोड आहे. खेळून झाल्यावर खेळावर बोला, निवडणाऱ्या पगारी मोठ्या माणसांवर तर जरूर बोला. पण एक गोष्ट सगळे विसरतात. या पद्धतीत सर्वांत गुणी मुलगा सर्वांत मोडकळीला आलेल्या संघात जातो. हुशार विद्यार्थी, आणि शाळा अशी, की दर वर्षी मुख्याध्यापक बदलतात. नापास झाला तर दोष कोणाचा? रॉजर्सला तीन वर्षे मिळाली. १९९८ साली दुसऱ्या नंबरवर निवडलेल्या रायन लीफला पहिल्या वर्षीच मैदानात उतरवले. त्याचेही वागणे चुकले, हे खरे. चार वर्षांत त्याचा खेळ संपला, पुढे व्यसन आणि तुरुंगही वाट्याला आला. आज तो आपल्या अनुभवांवर उघडपणे बोलतो. पण ड्राफ्टच्या दिवशी तो फक्त एकवीस वर्षांचा होता, आणि त्या वर्षी कितीतरी जाणकारांनी त्याला पहिल्या नंबरच्या पेटन मॅनिंगच्या बरोबरीने तोलले होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. वाद भरपूर घाला, आशाही धरा, पण मार्क तीन वर्षांनी द्या. वर्गात पहिल्या दिवशी कोण पुढे बसले आणि कोण मागे, यावरून निकाल लावणारा मास्तर आपण कोणीच चांगला म्हणणार नाही. अमेरिकेतल्या आपल्या नातेवाईक मंडळींना हे पटेल की नाही, शंकाच आहे. जे काही वाटेल ते मोकळेपणाने कळवावे. जावयांचे उत्तर तर येईलच.