बोर्डिंगचं दप्तर आधी वाचवा

वडगाव, शहापूर, निपाणी या बेळगावकडच्या सीमापट्ट्याला कोल्हापूर तसं जवळचं. तिथे शाहू महाराजांच्या आश्रयानं १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं; मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी रांगच लागली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. जातवार सोय ही त्या काळाची निकड होती. शिवाशिव मात्र तेवढ्यानं उंबऱ्याबाहेर गेली नाही.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांचं तिथल्या नियमांशी जमलं नाही. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली, कामंही त्यांनी वाटून घेतली. कोठीत दाणा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असं नामकरण झालं.

असा वारसा कौलं-भिंतींत थोडा आणि हजेरीपटात, कोठीच्या वहीत, देणगीच्या पावत्यांत जास्त असतो. इमारतीकडे निदान बिल्डरचं तरी लक्ष असतं! पुण्यातल्या जैन बोर्डिंगच्या जागेचा व्यवहार २०२५ मध्ये लोकांच्या विरोधामुळे मोडला. दप्तरासाठी कोण मोर्चा काढणार? सीमेच्या अलीकडे, कर्नाटकात, तर कचेरीची भाषाच बदलली. जुनी मोडी वाचणारा माणूस आता शोधावा लागतो. अशा जुन्या बोर्डिंगांच्या विश्वस्तांनी दुरुस्तीच्या निधीतला पहिला हप्ता रंगरंगोटीऐवजी स्कॅनिंगला द्यावा आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराकडे मदत मागावी.