करमणूक हवी, विचार नको?

‘लोकांना करमणूक हवी असते, विचार नको असतो’ हे विधान चित्रपटव्यवसायात वारंवार केले जाते. माझ्या मते ते प्रेक्षकावर अन्याय करणारे आहे. १९३५ साली प्रभातने संत एकनाथांच्या जीवनावर बोलपट काढला आणि त्याला ‘महात्मा’ असे नाव दिले. ब्रिटिश सेन्सॉरने त्या नावास हरकत घेतली, म्हणून तो ‘धर्मात्मा’ या नावाने प्रदर्शित झाला. संतकथेतून अस्पृश्यतेविषयीचे समकालीन भाष्य प्रेक्षकाला उमगेल, अशी धास्ती निदान राज्यकर्त्यांना वाटत होती.

तेव्हा खरा प्रश्न राजकीय आशय असावा की नसावा हा नसून, तो कथेत कसा मुरावा हा आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्याच्या गाण्यांवर प्रेक्षक चित्रपटगृहात नाचले. त्यात जातिव्यवस्थेवर व्याख्यान नाही. परंतु पाटलांचा मुलगा भर वर्गात प्राध्यापकाच्या कानशिलात लगावतो, तेव्हा गावातील सत्ता कोणाच्या हाती आहे हे सांगायला निराळ्या संवादाची गरज उरत नाही. अखेरच्या दृश्यात तर दिग्दर्शक आवाजही काढून घेतो. नाचणाऱ्या प्रेक्षकाला तो अशा रीतीने अबोल करतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की, हळहळणारा प्रेक्षक घरी परतल्यावर आपल्या मुलीच्या आंतरजातीय विवाहास होकार देईलच असे नाही. हा आक्षेप रास्त आहे. शिवाय पूर्वग्रहांना कुरवाळणाऱ्या चित्रपटांनाही टाळ्या मिळतात. म्हणूनच तिकीटबारीवरील यश हा आशयाच्या स्वीकाराचा पुरावा मानता येत नाही. चळवळीचे किंवा कायद्याचे काम चित्रपट करू शकत नाही. मात्र अंगवळणी पडलेला अन्याय तो पुन्हा डोळ्यांत खुपेल असा करू शकतो, आणि हे काम लहान नाही.

प्रेक्षकाला काय हवे हे आधीच ठरलेले असते, असे मानणारा निर्माता त्याला गिऱ्हाईक समजतो. आपण, अभ्यासक या नात्याने, आपल्या आवडत्या चित्रपटालाही एक प्रश्न विचारावा: त्याने आपल्या मताची केवळ री ओढली, की ते मत तपासून पाहण्यास आपल्याला भाग पाडले?