जहाजावरचं कॉलेज: शिक्षण की सहल?

क्रूझच्या डेकवर पुस्तक उघडून बसलेल्या अमेरिकन मुलांची रील्स दिसली, की त्यामागे बऱ्याचदा 'सेमिस्टर अ‍ॅट सी' असतं. साधारण 100 दिवस, दहाएक देश. जहाज समुद्रात असेल तेव्हा तासिका, बंदराला लागलं की बंद. प्रत्येक विषयाचा एक दिवस मात्र बंदरावरच्या अभ्यासभेटीचा. क्रेडिट्स खरी, 2016 मध्ये शैक्षणिक जबाबदारी कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीकडे आली.

कल्पना जुनी आहे. हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांनी तरंगत्या विद्यापीठासाठी 1970 मध्ये चक्क 'क्वीन एलिझाबेथ' विकत घेतली. जानेवारी 1972 मध्ये ती हाँगकाँगच्या बंदरातच जळाली. मग दुसऱ्या जहाजावर वर्ग भरले.

खरा वाद मुक्कामाचा. एका बंदरात चार-सहा दिवस. कोचीत उतरून तेवढ्यात भारत किती कळणार? भाषा तर नाहीच. हां, लागोपाठ अनेक देश पाहिल्याने तुलना करता येते, आणि ती एका शहरात राहून जमत नाही.

खर्च 25 लाख रुपयांच्या पुढे, विमानभाडं वेगळं. भारतीय पासपोर्टवाल्यांना आणखी एक झंझट: जपान, दक्षिण आफ्रिकेत अमेरिकन मुलं व्हिसाशिवाय उतरतात. आपल्याला तो निघण्याआधीच काढावा लागतो.