आजचा रोजा, उद्याची फिकर

रमजानमध्ये ‘तवक्कुल’ हा शब्द वारंवार कानावर पडतो. अल्लाहवर पूर्ण भरवसा, असा त्याचा अर्थ. पण रोजच्या बोलण्यात तो ‘जे व्हायचे ते होईल’ एवढ्यावरच येऊन थांबतो.

इ.स. ६२२ मधली हिजरत पाहा. मक्केत प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या जिवावर लोक उठले होते. मदिना उत्तरेला, पण हजरत अबू बकर यांच्यासह ते निघाले दक्षिणेला, सौर डोंगरातल्या गुहेकडे. तिथे तीन रात्री मुक्काम. अबू बकर यांचा मुलगा रात्री शहरातली खबर आणून देई. आमिर बिन फुहैरा त्याच वाटेने शेळ्या हाकत नेत; पाऊलखुणा पुसल्या जात, दूधही मिळे. पुढच्या प्रवासासाठी मोबदला देऊन घेतलेला वाटाड्या तर मुसलमानही नव्हता. त्याला वाट ठाऊक होती, एवढे पुरे होते. इतकी तजवीज करूनही शोधणारे गुहेच्या तोंडाशी आलेच. अबू बकर यांचा जीव कासावीस झाला, तेव्हा अल्लाह आपल्यासोबत आहे, असा धीर प्रेषितांनी दिला. (तजवीज करताना हा भरवसा नव्हता असे नाही, तो आधीपासूनच होता.)

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला हे वेगळे शिकवावे लागत नाही. त्याची मजुरी विणलेल्या मीटरवर. वीज गेली की माग थांबला, मजुरीही थांबली. तरी तो सेहरी करून कामावर जातो, वीज येईपर्यंत ताण्यातले तुटलेले धागे जोडत बसतो. उद्याची फिकर असतेच. पण तीस रोजे एका दिवसात कुणालाच ठेवता येत नाहीत. नियतही रोजच्या रोज करायची असते.

अशा माणसाला पोटभर जेवलेल्याने ‘सब्र कर, अल्लाह देईल’ असे सांगून पुढे जावे, हे मात्र पटत नाही. दुसऱ्याच्या उपासावर ठेवलेला भरवसा फार स्वस्त असतो. अल्लाह देतो ते बहुधा कुणाच्या तरी हातून. जकातीचे अडीच टक्के त्यासाठीच फर्ज आहेत. फितराही ईदच्या नमाजाआधी पोहोचवायचा असतो, म्हणजे त्या सकाळी गरिबाच्या घरीही शिरखुर्मा शिजतो. चाँदरातीची वाट न पाहता तो आताच दिला, तर त्या घरातल्या पोरांचे कपडे शिवायला चार दिवस हाताशी राहतात.